खेळ कशाला म्हणायचं? आधी नुरा कुस्तीकडं बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहीहंडीला खेळाचा दर्जा, ई-स्पोर्ट्सला आशियाई स्पर्धेत पदकं, बैलगाडा शर्यतीला परवानगी, अशी बातमी आली की कोल्हापुरात कट्ट्याकट्ट्यावर वाद पेटतो. ह्याला खेळ म्हणायचं का? जो तो यादी घेऊनच बसतो. कुस्ती आत, बुद्धिबळ बाहेर, नेमबाजी उंबऱ्यावर. आम्ही तालीम, नेमबाजीची रेंज आणि मर्दानी खेळांच्या, म्हणजे काठी-दांडपट्ट्यासारख्या जुन्या शस्त्रविद्येच्या, आखाड्यात शिकवणारी मंडळी आहोत. यादीनं हा प्रश्न सुटत नाही असं आमचं मत आहे, आणि त्याचा पुरावा आपल्याच मातीत पडलेला आहे. तो म्हणजे नुरा कुस्ती.

नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली कुस्ती. पैलवान खरे, लंगोट खरा, हौदा खरा, हलगी खरी. डावसुद्धा खरेच. तरीही कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात जुना शौकीन दोन मिनिटांत ओळखतो आणि शिट्ट्या सुरू होतात. तो बघतो काय? कलाजंग हा डावच घ्या. मारणारा प्रतिस्पर्ध्याचा एक हात दंडाशी आवळतो, डोकं त्याच्या काखेखाली घालतो, दुसरा हात मांड्यांतून घालून त्याला खांद्यावर आडवा उचलतो. लढणारा पैलवान अशा वेळी पहिल्यांदा कंबर खाली टाकतो, पाय मागं फेकतो आणि अडकलेला हात कोपरातून ओढून काढायला बघतो. त्यामुळं कलाजंग सहजासहजी लागत नाही. आधी खडाखडीत, म्हणजे सुरुवातीच्या झटापटीत, मान दमवावी लागते, हाताला हूल द्यावी लागते, समोरचा पुढं झुकलेला असतानाच आत शिरावं लागतं. अर्धा क्षण उशीर झाला की मारणाराच खाली दबतो. नुऱ्यात यातलं काही दिसत नाही. उचलला जाणारा गडी स्वतःच टाचा उचलतो, हात सैल सोडतो आणि पाठ टेकताना मान आत घेतो. वजन उचललं जाण्याआधीच वर आलेलं असतं. शौकीन नेमका त्या टाचांकडं बघत असतो.

म्हणजे तीच दोन माणसं, तोच हौदा, तोच डाव. एका दिवशी खेळ आणि दुसऱ्या दिवशी तमाशा. मग ‘कुस्ती हा खेळ आहे’ हे वाक्यसुद्धा अर्धवट ठरतं. लढत खेळ आहे की नाही ते त्या लढतीवरून ठरतं. निकाल उघडा हवा. तो खेळणाऱ्याच्या अंगच्या कसबावर ठरायला हवा. आणि हरलेल्याला आपण कशानं हरलो हे दाखवता यायला हवं, म्हणजे तो तालमीत जाऊन नेमकी तीच चूक दुरुस्त करील. एवढं असेल तर आम्ही त्याला खेळ म्हणू. टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीबद्दल विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो की १९८९ मध्ये ती चालवणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफ (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) कंपनीनं स्वतःच न्यू जर्सी राज्यात कबूल केलं, आमचा हा प्रकार करमणुकीचा आहे, त्याला खेळाचे नियम लावू नका. विषय संपला.

आता घामाचं बघू. ‘घाम येतो तो खेळ’ हे आपल्याकडचं सगळ्यात लाडकं माप. घामच मोजायचा तर ऊसतोड कामगार आणि मार्केट यार्डातला हमाल यांच्यापुढं कोण टिकणार? त्यांच्या कामाला कुणी खेळ म्हणत नाही, आणि म्हणूही नये. उलट ज्याच्या कपाळावर थेंबही दिसत नाही तो नेमबाज या घामाच्या मापात नापास होतो. कोल्हापूरकरांनी तरी ही चूक करू नये. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात, जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य आणलं. मिरवणुकीत हलगीवर नाचायचं आणि दुसऱ्या दिवशी ‘बंदुकीचा घोडा दाबायला काय लागतंय?’ असं विचारायचं, हे बरं दिसत नाही.

काय लागतं ते सांगतो. स्वप्निलच्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात, म्हणजे गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभ्यानं मारताना, दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढं. रायफल आठ किलोपर्यंत चालते. पुढच्या आणि मागच्या साईटमध्ये, म्हणजे नेम धरायच्या खुणांमध्ये, साधारण मीटरभर अंतर धरा. नळीचं टोक दशांश मिलिमीटर हललं तर लक्ष्यावर गोळी पाच मिलिमीटर सरकते, म्हणजे मधोमध धरलेला नेम थेट दहाच्या कडेला जातो. उभ्या स्थितीत हे वजन स्नायूंवर घेतलं की दहा-पंधरा गोळ्यांतच थरथर सुरू होते. म्हणून डावं कोपर कंबरेच्या हाडावर टेकवायचं, धड किंचित मागं आणि उजवीकडं झुकवायचं, आणि वजन हाडांच्या उतरंडीतून थेट पायात उतरवायचं.

मग येते नवशिक्याची ठरलेली चूक. नेम डावीकडं दिसतोय म्हणून तो हातानं रायफल उजवीकडं ढकलतो. त्या क्षणी बरोबर दिसतं, पण घोडा सुटताना हात सैलावतो आणि गोळी पुन्हा डावीकडंच जाते. यावर उपाय एकच. डोळे मिटा, अंग सैल सोडा, श्वास सोडा, मग डोळे उघडून नेम कुठं गेलाय ते बघा. डावीकडं गेला असेल तर हात लावू नका, पाऊल सरकवा. श्वास अर्धा सोडून थांबायचं आणि सहा ते आठ सेकंदांत गोळी सुटली पाहिजे. त्यापुढं नजर अंधुक होते, कंप वाढतो आणि साईटमधली प्रतिमा डोळ्यात गोठून बसते, म्हणजे नेम हलला तरी हललेला दिसत नाही. अशा वेळी रायफल खाली घ्यायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. कोल्हापुरातल्या दुधाळीच्या रेंजवर कुणी तीनदा रायफल खाली घेऊन चौथ्यांदा गोळी मारली तर तो घाबरलाय असं समजू नका. तोच जाणकार.

गुडघ्यावर बसून मारताना आणखी वेगळं दुखणं. दंडाचा पट्टा शिरेवर आवळला की नाडीचे ठोके थेट रायफलीत उतरतात आणि गोळ्या वर-खाली पसरतात. पट्टा दोन बोटं वर किंवा खाली सरकवला की पसारा आवरतो. पॅरिसच्या अंतिम फेरीत आधी गुडघ्यावर १५, मग पालथं पडून १५, आणि शेवटी उभ्यानं, एकेक जण बाद होत. कुसाळेचे ४५१.४ गुण ४४ गोळ्यांचे आहेत. सरासरी काढा, दहाच्या वर जाते. उत्तेजकांच्या जागतिक यादीत नेमबाज आणि तिरंदाजांना बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणारी औषधं, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंद आहेत. २००८ मध्ये बीजिंगला उत्तर कोरियाच्या पिस्तुल नेमबाजाची दोन पदकं याच औषधापायी काढून घेतली. ठोक्यावर ताबा ठेवणं हे शारीरिक कसब नसतं, तर त्यासाठी औषधाची गोळी घेऊन पदक गमवायची पाळी आली असती का?

याच न्यायानं कॅरम आमच्या मते नेमबाजीच्या पंगतीत बसतो. १५ ग्रॅमपर्यंतचा स्ट्रायकर, दोन्ही रेघांना टेकवून, एका बोटाच्या नखानं. सोंगटी भोकाच्या ओठावर थांबली तर चूक बोटाची, पावडरीची की कोनाची हे जाणकार लगेच सांगतो. बुद्धिबळ मात्र वेगळं आहे, आणि इथं कुणी रागावू नये. बुद्धिबळातली चाल तोंडानं सांगून दुसऱ्याकडून करवली तरी डाव तोच राहतो, आणि ज्यांचे हात चालत नाहीत ते स्पर्धेत तसं खेळतातही. रायफल कुणाला ‘माझ्या वतीनं जरा मार’ म्हणून देता येत नाही. बुद्धिबळाला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची मान्यता १९९९ पासून आहे. निकाल इतका उघडा आणि चूक इतकी नेमकी दाखवणारा दुसरा खेळ शोधावा लागेल. मग त्याला आत घ्यायला ‘ग्रँडमास्टर किती उष्मांक जाळतो’ असले हिशेब कशाला मांडायचे? आपल्या भाषेत बैठे खेळ आणि मैदानी खेळ अशी चांगली विभागणी आधीपासून आहे. बक्षीस, शिष्यवृत्ती, सवलत सगळं द्या, पण रकाना वेगळा ठेवा. खरं तर निम्मा घोटाळा ‘स्पोर्ट’ या इंग्रजी शब्दापायी झालाय. मराठीत पत्त्यांचा खेळ असतो, डोंबाऱ्याचा असतो, नाटकाचाही खेळच लागतो. कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही.

‘ऑलिम्पिकमध्ये आहे का?’ हा दुसरा आवडता प्रश्न. रस्सीखेच १९०० पासून १९२० पर्यंत ऑलिम्पिकमध्ये होती, नंतर गेली. १९१२ ते १९४८ या काळात शिल्पकला, चित्रकला आणि काव्यालाही तिथं पदकं मिळत. तेव्हा तो शिक्का सोयीप्रमाणं बदलतो हे ध्यानात ठेवलेलं बरं.

शरीरसौष्ठवाबद्दल लिहिणं अवघड, कारण गल्लीगल्लीत ‘श्री’ची स्पर्धा आहे आणि पोरं कष्टाळू आहेत. पण मंचावर जे घडतं ते दाखवणं आहे. पंच नजरेनं ठरवतो म्हणून आमची तक्रार नाही. जिम्नॅस्टिक्समध्येही पंचच असतो, पण तिथं छोटी चूक ०.१, मध्यम ०.३, मोठी ०.५, पडलं तर पूर्ण १ गुण वजा, असं लिहिलेलं असतं. खेळाडू कागद बघून सांगतो, उतरताना पाऊल सरकलं. मल्लखांबातही अढी, म्हणजे पायांची पकड, सैल पडली, तोलात पाय वाकला, उतरताना तोल गेला, हे बोट ठेवून दाखवता येतं. सौष्ठवात दुसरा आलेल्याला काय सांगणार? ‘पाठ थोडी कमी पडली’ एवढंच. त्यात शेवटच्या दोन दिवसांत पाणी तोडायचं, वर लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, त्यानं पोटॅशियमचा तोल बिघडून पेटके येतात, आणि पुढं हृदयाची लयही बिघडते. ज्या प्रकारात स्पर्धेच्या दिवशी शरीर सगळ्यात अशक्त असतं त्याला आम्ही प्रदर्शन म्हणतो. त्याच पोरानं पॉवरलिफ्टिंगच्या बारखाली उभं राहावं. तिथं किलो बोलतात.

बैलगाडा शर्यतीवर थोडक्यात. आदत, दुसा असे दातांवरून गट पाडणारी, जोडीचा मेळ महिनोन्‌महिने बसवणारी माणसं अडाणी नाहीत. पण बक्षिसाच्या पाटीवर नाव बैलाचं आणि मालकाचं असतं, यातच उत्तर आलं. घोडेस्वारीत पदक स्वाराच्या गळ्यात पडतं, कारण लगाम, मांड आणि टाच यांच्या इशाऱ्यावर घोडा पाऊल टाकतो. सर्वोच्च न्यायालयानं १८ मे २०२३ ला अशा शर्यतींना परवानगी देणारे राज्यांचे कायदे कायम ठेवले ते सांस्कृतिक परंपरा म्हणून. तिला परंपरा म्हणूनच जपावी.

दहीहंडीचा विचार मात्र सविस्तर व्हायला हवा, कारण ऑगस्ट २०२२ मध्ये शासनानं तिला साहसी खेळाचा दर्जा आणि गोविंदांना नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणात जागा जाहीर केली. थर लावणं हे कसबाचं काम आहे, यात शंका नको. तळातले गडी आत तोंड करून, हात एकमेकांच्या खांद्यावर, गुडघे किंचित सैल ठेवून उभे राहतात. गुडघा ताठ ठेवला की धक्का जिरत नाही. वर चढणाऱ्यानं पाय मानेच्या मुळाशी ठेवायचा. खांद्याच्या कडेला ठेवला की खालच्याचा खांदा एका बाजूला झुकतो, त्याबरोबर कमान पिळते आणि पिळलेला थर सरळ होत नाही. अंगावर पाणी मारलं की पाय घसरतात, हे पाणी मारणाऱ्यांनाही ठाऊक असतं.

अडचण पुढं आहे. हंडी फुटली की स्पर्धा संपली. उतरायला गुण नाहीत. म्हणून वरचा गोविंदा हंडीला लोंबकळतो, त्याचं वजन एकदम नाहीसं होतं, थरातला एक जण बाकीच्यांच्या आधी उडी मारतो, उरलेल्यांवर भार तिरका येतो आणि सगळा मनोरा ढासळतो. चढताना प्रत्येक पाऊल ठरलेलं असतं, उतरताना काहीच ठरलेलं नसतं. स्पेनच्या कातालोनियात असेच मानवी मनोरे रचतात. तारागोनाच्या स्पर्धेत मनोरा नुसता पुरा झाला तर कमी गुण, आणि पुरा होऊन शेवटच्या माणसापर्यंत नीट उतरला तर जास्त. एवढ्या एका नियमानं सगळी तालीम बदलते, कारण मग पथक उतरण्याचाही सराव करतं. वरची लहान मुलं तिथं शिरस्त्राण घालतात. आपल्याकडं हंडीला लावलेल्या लाखांपैकी निम्मी रक्कम सुखरूप उतरलेल्या थरांवर वाटायची, वरच्या दोघांना दोरीचा पट्टा सक्तीचा करायचा, एवढं आयोजकांनी केलं तर आम्ही दहीहंडीला खेळ म्हणायला सगळ्यात पुढं असू. आज गल्लीतली हंडी ही उत्सवातली जोखीम आहे.

ई-स्पोर्ट्समध्ये बोटांचं कसब आहे, निकाल उघडा आहे, चूक पुन्हा लावून बघता येते. हांगचौच्या आशियाई स्पर्धेत पदकं होती आणि केंद्राच्या २०२५ च्या कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळ बंद करताना ई-स्पोर्ट्सला वेगळं काढून मान्यता दिली. आमचा एकच प्रश्न: खेळ कुणाच्या मालकीचा? कंपनीनं रात्री नवं अपडेट टाकलं आणि एका बंदुकीचा मारा कमी केला, तर सहा महिन्यांचा सराव सकाळी वाया जातो. कंपनीनं सर्व्हर बंद केला तर खेळच संपला. कुस्तीच्या जागतिक संघटनेनंही नियम पुष्कळदा बदलले, पण ती संघटना उद्या बुडाली तरी गंगावेस तालमीत पहाटे जोर-बैठका चालूच राहतील.

आणि आता घरचा विषय, ज्यावर आमच्यातच एकमत व्हायला वेळ लागला. मर्दानी खेळ. शिवजयंतीला, दसऱ्याला दांडपट्टा फिरतो, डोळे बांधून तळहातावरचं लिंबू कापलं जातं, अंगावर काटा येतो. पण प्रामाणिकपणे बघा: समोर प्रतिस्पर्धी कुठं आहे? लिंबू कापलं किंवा नाही, मधली पायरी नाही; आणि चुकलं तर किंमत मोजतो तो हात धरून बसलेला पोरगा. हे प्रात्यक्षिक आहे. कितीही अवघड असलं तरी. पंजाबचा गतका, मणिपूरचं थांग-ता, केरळचं कलरीपयट्टू आणि मल्लखांब हे खेलो इंडिया युवा स्पर्धेत गेले आणि आपला मर्दानी खेळ बाहेर राहिला. त्याचं एक कारण आम्हाला हे दिसतं की आपण प्रेक्षकांसाठी खेळतो, गुणांसाठी नाही.

उपाय आपल्याच आखाड्यात आहे. फरीगदगा. एका हातात फरी, म्हणजे चामड्याची लहान ढाल, दुसऱ्यात गदगा, म्हणजे चामड्यानं मढवलेली छोटी काठी, आणि समोर तसाच सज्ज गडी. तलवारीची लढाई शिकवण्यासाठीच हा प्रकार होता. आता तो प्रात्यक्षिकात मिनिटभर दाखवून गुंडाळतात. इथं निकाल उघडा आहे, कसब अंगचं आहे, आणि चूक दिसते: फरी फार वर घेतली की मांडी उघडी पडते, वार करताना मागचं पाऊल उचललं की उलटा वार चुकवता येत नाही. काठीसाठी कराटेतल्या काताची, म्हणजे प्रतिस्पर्ध्याशिवाय ठरलेल्या हालचाली करून दाखवण्याची, पद्धत घेता येईल. टोकियो ऑलिम्पिकमध्ये कातासाठी तंत्राला ७० टक्के आणि वेग-ताकद-तोलाला ३० टक्के असं माप होतं. काठी फिरवताना मूठ आवळली की मनगट अडकतं, फेर कोपरातून येतो आणि टोक स्वतःच्याच गुडघ्याकडं वळतं. असल्या चुकांना गुण कापायची यादी वस्तादांनी एका बैठकीत करून द्यावी.

हे सगळं कट्ट्यापुरतं असतं तर पत्र लिहिलं नसतं. खेळाच्या यादीवर दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि शासकीय नोकरीतलं पाच टक्के आरक्षण अवलंबून आहे, आणि बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यानं पाहिली आहेत. त्यामुळं यादीत नाव आहे का, एवढंच तपासून भागत नाही. किती जिल्ह्यांचे संघ उतरले, किती लढती झाल्या, गुणपत्रक आहे का आणि त्यावर हरलेल्याची सही आहे का, हे प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला छापलं पाहिजे. दोन संघ आले आणि दोघांनाही राज्यस्तरावरचं पदक मिळालं, तर तीसुद्धा नुराच, मग खेळ कुस्ती असो की आणखी काही.

येत्या दसऱ्याला प्रात्यक्षिकांबरोबर फरीगदग्याच्या आठ लढती लावाव्यात, अशी तालमींना आमची विनंती आहे. वजनगट दोनच ठेवा. डोक्याला जाळीचं शिरस्त्राण, अंगात पांढरा सदरा, गदग्याच्या चामड्याला ओला गेरू. तीन मिनिटं लढत, कंबरेच्या वर वार एक गुण, मांडीला अर्धा, फरीवर शून्य. डाग मोजायला पंच कमी पडले तर सदरे दोरीवर वाळत घाला. पेठेतली माणसं मोजतील.

आपले,
तालीम, नेमबाजी आणि मर्दानी खेळाचे काही मार्गदर्शक,
कोल्हापूर